पीएस४, ओमनीचं सीट आणि पन्नास हर्ट्झ

रेसिंग गेम खेळताना सीट हलवायला लावतात तो बास शेकर म्हणजे पडदा नसलेला स्पीकर, एवढं समजलं की अर्धं काम सोपं होते. आत कॉइल आहे, मॅग्नेट आहे, पण कागदी पडदा हलवायच्या ऐवजी ते आतलं वजन खालीवर हलवते, आणि ज्या पत्र्याला किंवा प्लायला तुम्ही तो शेकर कसला तो पत्रा थरथरते. कानाला फारसं काही येत नाही, सगळं बुडाला आणि पाठीला कळते. पीसीवाल्यांचं यात लय बरं आहे, गेमच त्यांना सांगते की डावं पुढचं चाक कर्बवर (ट्रॅकच्या कडेचा उंच पट्टा) चढलं, मागचं घसरलं, गिअर पडला. कन्सोलवाल्याच्या (टीव्हीला लावायचा गेमचा डबा, जसा पीएस४ म्हणजे प्लेस्टेशन ४) हाती काय, तर एचडीएमआयमधून निघालेला आवाज, त्यात इंजिन, रस्ता, टायर, गाणं, बाजूच्याची धडक सगळं एकात एक. म्हणून माझं मत असं झालंय की कन्सोलवर शेकर लावणं हे ताकद वाढवायचं काम नाहीच, त्या आवाजातलं काय काय सीटपर्यंत येऊ द्यायचं नाही हे ठरवायचं काम आहे. वॅट-वॅट करत बसणाऱ्यांनी हे पहिले ऐकून घ्या.

आमचं गाव आर्वी तालुक्यात, वर्धा जिल्हा. इथं गेमिंगचं दुकान वगैरे विसरा, पण जुगाड करणारी माणसं भरपूर आहेत आणि ती शहरापेक्षा बरी आहेत. पीएस४ स्लिम आणि लॉजिटेकचं जी२९ स्टिअरिंग नागपूरहून सेकंडहँड आणलेलं, गेम ग्रान टुरिझ्मो ७, गाड्यांच्या रेसचा. सीट कबाड्याकडून, मारुती ओमनीचं, रेल्वेच्या बर्थसारखं सरळ पण खाली चांगला कडक पत्रा असलेलं. फ्रेम दीड इंची स्क्वेअर पाइपची, आमच्या गावात जो डवरे-वखर बनवते त्याच वेल्डिंगवाल्याकडून करून घेतली. त्याच्याकडे जायचं तर पेरणीच्या आधी जाऊ नका, लोकांचं काम रांगेत असते आणि तो तुमच्याकडे पाहतही नाही. दिवाळीनंतर गेलं की चहा पाजून काम करते.

शेकर डेटन ऑडिओचा बीएसटी-१ घेतला, ४ ओहमचा, ५० वॅटचा. लहान चकतीसारखे शेकर पण भेटतात, ते पेडलला ठीक आहेत, सीटला मोठाच लावा. हे बहुतेक शेकर ४० हर्ट्झच्या (सेकंदाला ४० कंप) आसपास सगळ्यात जास्त हलतात, हा आकडा डोक्यात ठेवा, पुढं कामी येईल.

आता आवाज काढायचा कुठून. पीएस४ च्या पहिल्या जाड्या मॉडेलला आणि प्रोला मागं ऑप्टिकल ऑडिओचं सॉकेट आहे, स्लिमला नाही, पीएस५ लाही नाही. टीव्हीच्या हेडफोन जॅकमधून काढता येते पण टीव्ही आवाज उशिरा सोडते, गेम मोड लावला तरी कधीकधी कर्बवरून गाडी उतरून जाते आणि मग सीट हलते. ब्लूटूथचं तर नावच घेऊ नका. म्हणून एचडीएमआय ऑडिओ एक्स्ट्रॅक्टर घेतला, कन्सोल आणि टीव्हीच्या मध्ये लावायची डबी, चित्र पुढं जाते आणि आवाज आरसीएवर (लाल-पांढऱ्या ऑडिओ पिनांवर) बाहेर येते. त्याच्या अंगावर २ चॅनेल आणि ५.१ चा बारीक स्विच असते, तो २ वर ठेवा आणि पीएस४ च्या साउंड सेटिंगमध्ये लिनिअर पीसीएम करा, नाहीतर आरसीएतून काहीच येत नाही. चित्र गायब होत असलं तर सिस्टिम सेटिंगमधून एचडीसीपी (कॉपी अडवणारं कुलूप) बंद करून पाहा, मग कन्सोलवर सिनेमाचे अ‍ॅप चालत नाहीत पण गेमला काही फरक पडत नाही. याचा फायदा असा की टीव्हीचा आवाज रिमोटनं शून्य केला तरी सीटला पूर्ण सिग्नल जाते, रात्री हे लय महत्त्वाचं.

अँप टीपीए३११६ चिपचा क्लास डी बोर्ड. २४ व्होल्टचा एसएमपीएस म्हणजे पॉवर सप्लाय, एलईडी बोर्ड बनवणाऱ्यांकडे भेटते तोच. घरी जुन्या लॅपटॉपचा १९ व्होल्टचा अडॅप्टर पडला असेल तर त्यावरही मस्त चालते, ४ ओहमला चाळीसेक वॅट निघतात आणि एका शेकरला तेवढे पुष्कळ झाले. फिल्टर बोर्ड, म्हणजे ठरवलेल्या फ्रिक्वेन्सीच्या वरचा आवाज कापणारा, मात्र आर्वीच्या मेकॅनिककडून घेतला. हा माणूस धुमाल पार्टीचे (वरातीतल्या बँडचे) अँप दुरुस्त करते, त्याच्या दुकानात ५२००-१९४३ ट्रान्झिस्टरच्या जोड्या गोळ्या-बिस्किटांसारख्या बरणीत भरून ठेवलेल्या. मी सांगितलं की खुर्ची हलवायची आहे, आवाज नको. त्यानं वर पाहिलं.

"आवाज नाही पायजे?"

"नाही भाऊ."

"मंग अँप काऊन घेऊन राहिला?"

समजावून सांगितल्यावर मात्र त्याला लयच मजा वाटली. ४५५८ आयसीचा सबवूफर फिल्टर काढला, त्याची कट फ्रिक्वेन्सी कमी-जास्त करायचा पॉट (फिरवायचं बटण) लावून दिला आणि वरून एक फुकटचा सल्ला, "गेन कमी ठेव दादा, लोकं गेन फुल करते अन् मंग कॉइल जळली म्हणून माह्याकडं येते."

आता फिल्टर कुठं लावायचा याचं गणित, आणि हेच मला सगळ्यात आवडलेलं आहे. फोर स्ट्रोक इंजिनमध्ये प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदा पेटते. म्हणजे चार सिलिंडरची गाडी ९०० आरपीएमवर उभी असली तर सेकंदाला ३० धक्के, ३० हर्ट्झ. २४०० वर ८० हर्ट्झ. ६००० वर २०० हर्ट्झ. रेसमध्ये तुम्ही ३००० च्या खाली येताच कधी? म्हणजे फिल्टर ८० वर कापला की इंजिन बहुतांश बाहेरच राहते, थोडं झिरपते पण हरकत नाही, आणि उरते ते रस्ता, कर्ब, धडक, गिअरचा दणका. लोकं काय करतात, इंजिन जाणवत नाही म्हणून पॉट १५० पर्यंत फिरवतात, आणि मग पूर्ण शर्यतभर सीट एकसारखी गुणगुणत राहते, चार लॅपमध्ये बूड बधिर. त्यात त्वचेला कंप सगळ्यात जास्त कळते ते दोनशे-अडीचशे हर्ट्झच्या आसपास, त्यामुळे तिकडचं थोडंही आलं तरी ते बाकी सगळं खाऊन टाकते. मी ८० वर ठेवला. रेसमधलं म्युझिक आधी बंद करा, नाहीतर ढोलाच्या प्रत्येक ठोक्याला वाटते गाडीनं कर्ब मारला.

आता तीन सिलिंडरचा डिझेल ट्रॅक्टर घ्या, २००० आरपीएमला धरला तर सेकंदाला बरोबर ५० धक्के. शेकर ज्या भागात सगळ्यात जोरात हलते त्याच्या अगदी शेजारी. म्हणून पहिल्यांदा चालू केल्यावर माझी पोर्शे असो का माझदा, सगळ्या गाड्या बसल्या बसल्या ट्रॅक्टरसारख्याच लागत होत्या. शेकर आपल्या आवडीच्या फ्रिक्वेन्सीच्या आसपासचं सगळंच जास्त जोरात हलवते, त्याचा तो स्वभाव आहे. यावर उपाय पॉवर नाही, त्या भागातली पातळी थोडी खाली आणणं आणि सीट मोकळी करणं.

सीट मोकळी करणं म्हणजे रबर. शेकर सीटच्या पत्र्याला कसला आणि सीट सरळ लोखंडी फ्रेमला कसली तर तो कंप सीटमध्ये राहत नाही, फ्रेममधून फरशीत जाते, फरशीतून भिंतीत, आणि तुमच्या बुडाला येते उरलेलं. पलीकडच्या खोलीत आजी झोपते, तिनं पहिल्याच रात्री आवाज दिला, "काऊन रे, भूकंप आला का घरात? मांडणीवरचे गिलास वाजून राहिले!" तेव्हा टीव्हीचा आवाज शून्य होता.

इथं जरा तपशिलात सांगतो कारण लोकं नेमकं इथंच चुकवतात. जाड रबरचा तुकडा ठेवला आणि मधून लांब बोल्ट घालून आवळला की झालं असं वाटते. नाही होत. कंप त्या बोल्टमधूनच जाते, रबर नुसतं शोभेला. बोल्ट जर आरपार जाणारच असेल तर त्याच्या भोवती भोक मोठं पाहिजे, आत रबरची बुश पाहिजे, आणि नटच्या खालीही रबरचा वायसर पाहिजे, म्हणजे लोखंड लोखंडाला कुठंच लागलं नाही पाहिजे. त्यापेक्षा सोपं म्हणजे जनरेटरच्या खाली लावतात ते रबर माउंटिंग, मधात रबर आणि वर एक स्टड, खाली एक स्टड, दोन्ही एकमेकांना आतून चिकटलेले नसतात. डिझेल इंजिन आणि पंपाच्या सामानाच्या दुकानात भेटतात. चार कोपऱ्याला चार.

रबर किती नरम घ्यायचं तर तुम्ही सीटवर बसल्यावर ते किती दबते ते पाहा. हिशोब असा आहे की १५.८ भागिले दबलेल्या मिलिमीटरचं वर्गमूळ, एवढ्या हर्ट्झवर ती सीट रबरवर स्वतःहून डोलते. १ मिलिमीटर दबलं तर १६ हर्ट्झच्या आसपास, अडीच मिलिमीटर दबलं तर १०. आणि रबर कंप अडवायला सुरुवात करते ते या आकड्याच्या साधारण १.४ पटीच्या वरच. म्हणजे ३० हर्ट्झचा कर्ब सीटमध्येच ठेवायचा असेल तर बसल्यावर रबर दोन-तीन मिलिमीटर दबलंच पाहिजे, दगडासारखं कडक रबर काही कामाचं नाही. फार नरमही नको, नाहीतर ब्रेक दाबताना सीट मागं जाते आणि पेडलचा अंदाज चुकते. दुकानदाराला मी अंगठ्यानं दाबून दाबून रबर निवडताना पाहून नवल वाटलं, "कोणतं इंजिन आहे भाऊ तुमचं, किती एचपी?" मी म्हटलं खुर्ची आहे. त्यानं बिल केलं आणि पुढचं काही विचारलं नाही.

रबर लागल्यावर अर्ध्या पॉवरमध्ये दुप्पट कळायला लागलं, आणि मांडणीवरचे गिलास गप्प.

पुढचा त्रास उन्हाळ्यात सुरू झाला आणि हा शहरातल्या माणसाला कदाचित येणारही नाही. गेम पॉज केला तरी सीट हलकीशी थरथरत राहायची. बारीक, एकसारखी, कधी थांबतच नाही. टीव्हीच्या स्पीकरवर काही ऐकू येत नव्हतं पण मांडीला कळायचं. ते घरच्या विजेच्या लाइनचे ५० हर्ट्झ. साध्या स्पीकरवर एवढी हम (विजेची गुणगुण) असली तर लक्षही जात नाही, पण शेकर त्याच भागात सगळ्यात हुशार, त्यामुळे ती थेट अंगाला लागते. आणि फिल्टरनं ती जात नाही, कारण ती ८० च्या आतच आहे आणि कर्बही तिथंच राहतात.

अँपची आरसीए वायर काढली की हम बंद, म्हणजे अँप चांगला आहे, घाण वायरीतून येते. फ्रेमला टेस्टर लावला तर मंद लाल पेटला, अनवाणी पायानं हात लावला तर बारीक झिणझिण्या. मेकॅनिकला फोन केला, त्यानं दुसरंच विचारलं, "डिश लावली हाये का टीव्हीले?" लावलेली होतीच. डिशचा स्टँड आमच्या टिनाच्या छपराच्या लोखंडाला बोल्ट केलेला आहे, डिशच्या वायरची बाहेरची जाळी सेटटॉप बॉक्सला, तो एचडीएमआयनं टीव्हीला, टीव्ही एक्स्ट्रॅक्टरला, एक्स्ट्रॅक्टर आरसीएच्या जाळीनं अँपला. एसएमपीएसमधून जो थोडा लीकेज करंट निघते त्याला घरच्या अर्थिंगमध्ये जायला वाट पाहिजे, ती नसली तर तो या ऑडिओच्या वायरीतून उलटा चालत जाऊन डिशमार्गे छपरावर जाते. सेटटॉपमागची डिशची वायर फिरवून काढली, आणि सीट शांत.

पण हिवाळ्यात हे का नव्हतं? कारण आमची काळी माती. पावसाळ्यात चिखल, उन्हाळ्यात पायाचा पंजा जाईल एवढ्या भेगा. अर्थिंगच्या खड्ड्यात कोळसा-मीठ टाकलेलं असते पण माती सुकून पाइपापासून सुटली की अर्थिंग नुसतं नावाला राहते. मे महिन्यात खड्ड्यात संध्याकाळी दोन बादल्या पाणी टाकलं तर हम तेवढ्यानंच निम्म्याच्या खाली आली, टेस्टरही पेटेना. तेव्हापासून घरात कोणी ना कोणी तिथं पाणी टाकते, आणि ते फक्त गेमसाठी नाही, फ्रिज आणि कूलरला हात लावणारे सगळेच वाचतात त्यानं. कोणी सांगेल की थ्री-पिनची अर्थची पिन काढून टाका, हम जाते. जाते खरी, पण मग ज्या लोखंडी फ्रेमवर तुम्ही घाम आलेल्या अंगानं बसता तिला काही झालं तर करंटला वाट तुमच्यातूनच. हे करू नका.

ग्राउंड लूप आयसोलेटर नावाची एक छोटी डबी भेटते, गाडीच्या स्टिरिओला लावतात ती. ती लावून पाहिली, हम पूर्ण गेली. कर्बही गेले. त्यात बारीक ट्रान्सफॉर्मर असतात, एवढ्याशा गाभ्यातून ३०-४० हर्ट्झ नीट पास होत नाही, म्हणजे नेमकं जे पाहिजे तेच गळून जाते. चांगला मोठ्या गाभ्याचा आयसोलेटर असेल तर चालेल, स्वस्तातला नको. डिशची वायर काढणं हा फुकटचा उपाय, पण त्याला घरात परवानगी लागते. रात्री मालिका संपल्याशिवाय वायरला हात लावायचा नाही असं आईनं स्पष्ट सांगितलंय. मृगात विजा कडाडायला लागल्या की ती स्वतःच ती वायर काढायला लावते, त्या दिवसात माझं चांगलं फावते, लाइट असली तर. लाइट गेली तर जुन्या स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर खेळायच्या फंदात पडू नका, त्याची घरघर सीटमध्ये येते ती कशानंच जात नाही.

सेटिंग कशी केली ते सांगतो. नुर्बुर्गरिंगच्या नॉर्डश्लाइफवर कारुसेल नावाचं वळण आहे, आतल्या बाजूनं काँक्रीटच्या लाद्या, प्रत्येक जोडावर दणका. तिथं गाडी घालायची आणि गेन (अँपची पातळी) हळूहळू वाढवायचा. एका ठिकाणी शेकरमधून टक-टक असा लोखंडी आवाज येते, म्हणजे आतलं वजन शेवटपर्यंत जाऊन आपटते आहे. तिथून चांगला मागं घ्यायचा. मग सुझुकाच्या कर्बवर पाहायचं. दोन्हीत फरक कळला पाहिजे, कारुसेलमध्ये धड-धड-धड मोजता आलं पाहिजे आणि कर्बवर खरखर. दोन्ही सारखंच लागत असेल तर गेन अजूनही जास्त आहे, कितीही मजा येत असली तरी.

आता जे आवाजातून भेटतच नाही त्याबद्दल. ब्रेक लॉक होणं आणि मागची चाकं घसरणं, लॅप टाइमसाठी हेच दोन कळायला पाहिजे. पण गेममध्ये ते टायरच्या किंचाळण्यातून कळते, तो आवाज शेकडो हर्ट्झच्या वरचा, फिल्टर त्याला दारातच अडवते. कितीही भारी शेकर घ्या, हे आवाजातून येणार नाही. चुलतभाऊ पुण्याहून लॅपटॉप घेऊन आला तेव्हा दुसरा रस्ता सापडला. ग्रान टुरिझ्मो ७ कन्सोलवरूनच नेटवर्कवर डेटा सोडते, सेकंदाला ६० वेळा, आरपीएम, चाकांचा वेग, सस्पेन्शन सगळं. एफ१ चे गेमही सोडतात, सेटिंगमध्ये यूडीपी टेलिमेट्री चालू करावी लागते आणि पोर्ट २०७७७. लॅपटॉपवर सिमहब नावाचं सॉफ्टवेअर टाकायचं, ते या डेटावरून शेकर हलवते, पीएस४ चा आयपी द्यायचा, दोन्ही एकाच राउटरवर असले की झालं, या डेटाला इंटरनेट लागत नाही. आमच्याकडे नेट काय लायकीचं आहे हे इथल्यांना सांगायला नको, त्यामुळे ही गोष्ट महत्त्वाची. मग आवाज लॅपटॉपच्या जॅकमधून अँपला, एक्स्ट्रॅक्टर आणि फिल्टर बोर्ड दोन्ही बाजूला. त्यानं डिशचा वळसाही आपोआप तुटला, लॅपटॉप बॅटरीवर असला तर हम औषधालाही नाही.

सिमहबच्या फुकट व्हर्जनमध्ये डेटा सावकाश येते, पहिले मजा वाटते पण गिअरचा दणका उशिरा लागते, लायसन्स घेतल्यावर ६० चा वेग भेटते. त्यातले तयार इफेक्ट एकदम सगळे चालू करू नका, इंजिनचा तर बंदच ठेवा. मी चाक घसरण्याला ३५ हर्ट्झ ठेवलंय आणि ब्रेक लॉकला ६०, म्हणजे अंधारातही कोणतं आहे ते कळते, आणि गिअरला एक छोटा ठोका. बस.

लॅपटॉप चुलतभावासोबत वापस गेला की मी पुन्हा आवाजावर येतो, तेही काही वाईट नाही. एवढंच, सगळ्या नटांच्या जागी नायलॉक नट (आत नायलॉनची रिंग असलेले) लावा, साधे नट कंपानं ढिले होतातच, आणि ढिला झालेला बोल्ट सीटखाली जे खडखडते ते ऐकून घरचे परत भूकंपच म्हणतात.